घरावर झुकलेलं किंजळाचं झाड: परवानगीपासून छपरापर्यंत

रानाला लागून घर असलं की छपरावर कुठलं ना कुठलं झाड ओणवं झालेलं असतंच. ते पाडायला परवानगी लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती काढायची कशी, सुरुवात कुठून करायची, हे नीट सांगणारं कुणी भेटत नाही. जुलै २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात मी आणि आईने हे सगळं पार पाडलं. झाड रीतसर उतरवलं आणि त्याच्याच लाकडाचे वासे करून घराची एक बाजू नव्याने शाकारून घेतली. घडलं तसं लिहिते आहे. तालुक्यागणिक कागद थोडे कमी-जास्त होतील, क्रम साधारण हाच राहील.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे अंगण, मागे परसू. परसवाचा गडगा (दगडी कुंपण) संपला की लगेच रान सुरू होतं: ऐन, किंजळ, कुंभा, उंबर आणि खाली पऱ्या, म्हणजे ओढा. ही जमीन आमच्या कुटुंबाच्या मालकीची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं जवळजवळ सगळं जंगल असंच खाजगी मालकीचं, सरकारी वन फारच थोडं. म्हणजे आमच्याकडचं जंगल राहणार की जाणार, हे घराघरात ठरतं. "रात्रीत कटर लावा नि मोकळ्या व्हा, कोण बघतंय?" असा सल्ला मला वाडीतच मिळाला. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला आमच्या छपराची काळजी होती. पण एकाने रात्रीत एक कापलं की दुसऱ्याला दहा कापायला तोंड मिळतं, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. म्हणून कागदाचा रस्ता धरला.

जुलैच्या मध्यावर दोन दिवस वारा-पाऊस झाला आणि परसवापलीकडचं किंजळाचं झाड घराकडे कललं. पाऊस थांबल्यावर जाऊन पाहिलं तर वरच्या अंगाला बुंध्याजवळची माती उचलली गेली होती आणि फटीत माझा पंजा मनगटापर्यंत आत गेला. खोडावर गुडघ्याच्या उंचीपासून वर उभी चीर गेली होती. आतलं लाकूड ओलं, फिकट दिसत होतं आणि चिरेतून मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून वर निघाल्या होत्या. शेंडा बरोबर माजघराच्या वर. थंडीत या झाडाचा शेंडा फळांनी तांबूस होतो. खालच्या वळणावर एसटीतून उतरलं की त्या रंगावरून आमचं घर ओळखता यायचं. आईला झाड पाडायचं हे शब्द तोंडातून काढायलाही आठवडा लागला.

सुतारकाकांनी त्या वेळी सांगितलेली एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. त्यांनी गडग्याजवळ एक खुंटी ठोकली, खोडाला ओळंबा बांधला आणि दर रविवारी खुंटीपासून ओळंब्यापर्यंतचं अंतर मोजून ठेवायला सांगितलं. मी प्रत्येक वेळी मोजपट्टीसकट फोटो काढत गेले. ऑगस्ट संपेपर्यंत झाड जवळजवळ चार इंच सरकलं. "झाड धोकादायक आहे" असं नुसतं म्हणणं वेगळं आणि तारखेसकट फोटो पुढे ठेवणं वेगळं. तुमच्याकडे असं झाड असेल तर अर्जाचा विचार करायच्या आधी हे सुरू करा.

मग सातबारा काढला. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन ₹१५ ला मिळतो, तो सगळीकडे चालतो. त्यावर मुळात बाबा आणि दोन चुलते अशी नावं होती. थोरल्या काकांच्या मागे त्यांच्या मुलांनी नोंद करून घेतली होती, पण बाबा जाऊन दोन वर्षं झाली तरी आमची वारस नोंद राहिली होती. ज्याचं नाव उताऱ्यावर नाही त्याचा झाडासाठीचा अर्ज पुढे सरकत नाही. त्यामुळे आमची खरी सुरुवात वनखात्यात न होता तलाठी कार्यालयात झाली. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात मात्र सगळे तलाठीच म्हणतात.) ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज भरला. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधार कार्डं जोडली. आई, मी आणि भाऊ, तिघांची नावं घातली. मुलींनी नाव लावून घ्यायला लाजू नये असं मला मनापासून वाटतं. माझं नाव उताऱ्यावर आलं म्हणूनच पुढच्या प्रत्येक टेबलावर मी स्वतः उभी राहू शकले, पुण्याहून भावाला बोलवावं लागलं नाही.

फेरफार नोंदवला गेल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस लागते. ती मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, तेव्हा कुठे नवा सातबारा निघतो. आमचा ऑगस्टच्या अखेरीला हातात पडला. या काळात झाडाखालच्या खोलीत झोपणं आम्ही बंद केलं. आईचं अंथरूण ओटीवर आणलं, देव्हारा तेवढा माजघरातच राहिला. रात्री पाऊस वाढला की दोघीही जाग्या असायचो, पण जागं असल्याचं एकमेकींना सांगत नव्हतो.

पुढची पायरी सहहिस्सेदारांची संमती. कोकणात सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात. अर्धी नावं मुंबईत, कुणी बडोद्याला, कुणाशी बोलणं नाही. आमचं नशीब की ७ सप्टेंबरला गणपती होते आणि गणपतीला सगळे घरी येतात. तालुक्याच्या गावाहून ₹१०० चे स्टॅम्पपेपर आधीच आणून ठेवले, मजकूर टाइप करून घेतला आणि गौरीच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांना परसवात नेऊन झाड दाखवलं. धाकट्या काकांनी एकच विचारलं, "लाकूड कुणाचं?"

प्रश्न रास्त होता. जमीन सगळ्यांची, तर लाकूडही सगळ्यांचं. मी म्हटलं, "काका, विकायचं नाहीच. घराच्या छपराला लावायचं. घरही सगळ्यांचंच आहे." काका म्हणाले, "मग तसं लिही." मजकुरात तशी ओळ घातली: सदर झाडाचे लाकूड विक्री न करता सामाईक घराच्या दुरुस्तीसाठी वापरण्यात येईल. त्या एका ओळीनंतर कुणी पुन्हा काही विचारलं नाही. ज्यांच्या घरात वाटण्या झालेल्या नाहीत त्यांनी हे आधीच लिहून घ्यावं. दोघं चुलतभाऊ त्या वर्षी आले नव्हते. त्यांची संमती दिवाळीनंतर आली, तोवर ऑक्टोबरमध्ये ₹१०० चा स्टॅम्प बंद होऊन किमान ₹५०० झाला होता, शिवाय नोटरीचे वेगळे. सह्या एकाच बैठकीत उरकता आल्या तर उरका.

अर्ज नोव्हेंबरमध्ये वनपरिक्षेत्र कार्यालयात दिला. त्याआधी मी कायदा वाचून काढला, आणि तुम्हीही वाचा असं सांगेन. १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत १६ प्रकारची झाडं आहेत. त्यांत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, जांभूळ, ऐन आणि किंजळसुद्धा येतं. ही झाडं स्वतःच्या जागेत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण त्याच कायद्यात असंही लिहिलेलं आहे की झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं असेल, जीविताला वा मालमत्तेला त्याचा धोका असेल, किंवा ग्रामीण भागात घरगुती वापरासाठी लाकूड हवं असेल, तर परवानगी नाकारू नये. हे वाचल्यावर माझी निम्मी भीती गेली. तोवर मला वाटत होतं की आपण काहीतरी सवलत मागायला चाललो आहोत. अर्जात मी धोक्याचं आणि घरगुती वापराचं अशी दोन्ही कारणं स्पष्ट लिहिली.

आमच्याकडे मागितलेले कागद असे होते: सातबारा, आठ-अ, गाव नकाशाची प्रत, संमतीपत्रं, आधार, घराचा ग्रामपंचायतीतला नमुना ८ चा उतारा आणि झाडाचे फोटो. पहिल्या खेपेला अर्ज परत आला, कारण झाड नेमकं गटाच्या कुठल्या भागात आहे हे कळत नव्हतं. मग एका कोऱ्या कागदावर हातनकाशा काढला. चतुःसीमा, घर, पऱ्या, गडगा, विजेचा खांब आणि झाड, प्रत्येकातलं अंतर फुटांत. झाड हद्दीच्या जवळ असेल तर शेजाऱ्यालाही विचारणं होतं. आमचं हद्दीपासून बरंच आत होतं म्हणून मोजणी लागली नाही. अर्ज दिला की आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्यायचीच. पुढे प्रत्येक वेळी "कुठला अर्ज?" याचं उत्तर त्या क्रमांकानेच द्यावं लागलं.

मग वाट पाहणं. डिसेंबरमध्ये किंजळ नेहमीसारखा तांबूस झाला. मुळं अर्धी उपटलेली असताना त्याने फळं धरली होती. त्या महिन्यात आई रोज संध्याकाळी परसवाच्या दारात बसायची.

वनरक्षक मॅडम ख्रिसमसच्या आसपास पाहणीला आल्या. त्यांनी छातीच्या उंचीवर टेप लावून घेर घेतला, कलाचा फोटो घेतला, खुंटीच्या मोजमापांची माझी वही उलटून पाहिली आणि त्यातली पानं पंचनाम्याला जोडायला मागितली. पंच म्हणून वाडीतले दोघं थांबले होते. मग दुर्बीण काढून त्यांनी खोडाच्या वरच्या अंगाची एक ढोली बराच वेळ न्याहाळली. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "धनेशाची मादी जानेवारी-फेब्रुवारीपासून ढोलीत बसते, तोंड लिंपून घेते. पिल्लं वाढेपर्यंत ती आतच असते. अशी ढोली निघाली तर झाडाला हात लावता येत नाही, थांबावं लागतं." आमच्या रानात ककणेर (धनेशच) रोज उडतात, त्यांच्या पंखांचा आवाज घरात ऐकू येतो. ढोलीच्या तोंडावर लिंपण नव्हतं, आत जुनं पीस तेवढं अडकलेलं दिसलं. तरी त्यांनी तोडायच्या दिवशी सकाळी पुन्हा बघायला सांगितलं. कागदांच्या त्या सगळ्या फेऱ्यांत मला सगळ्यात जास्त समाधान या पाच मिनिटांनी दिलं. कुणीतरी झाडातल्या जिवांचाही विचार करत होतं.

फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात परवानगीचं पत्र आलं. त्यात मुदत होती, झाडाचा क्रमांक होता आणि बदली झाड लावण्याची अट होती. कायद्याप्रमाणे तोडल्यापासून ३० दिवसांत नवं झाड लावायचं असतं. आमच्याकडे मार्चच्या उन्हात लावलेलं रोप पाण्याविना जगत नाही, म्हणून त्याच दिवशी दुसरा अर्ज देऊन पावसाळ्यापर्यंत मुदत मागितली आणि ती लेखी घेतली. तोंडी "चालेल" यावर थांबू नका. वर्षभरात टेबलावरचा माणूस बदलतो.

तोडीचा दिवस सुतारकाकांनी ठरवला. अवसेच्या अंगाला तोडलेलं लाकूड भुंगा धरत नाही, असं ते मानतात. माघी पौर्णिमा १२ फेब्रुवारीला होऊन गेली होती, महाशिवरात्र २६ ला. मधला आठवडा धरला. घराला येणारी विजेची तार फांद्यांमधून जात होती, त्यामुळे महावितरणच्या शाखा कार्यालयात चार दिवस आधी अर्ज दिला. लाइनमन दादांनी सकाळी येऊन सर्व्हिस वायर उतरवली, संध्याकाळी परत जोडली.

आदल्या दिवशी गुरवांना बोलावून राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालताना त्यांनी झाडाचंही नाव घेतलं, घराला इतकी वर्षं सावली दिलीस, आता घराच्या डोक्यावर बस, असं. सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं. आईने तेव्हा पहिल्यांदा झाडाकडे पाठ करून डोळे पुसले.

झाड घराकडेच कललेलं, त्यामुळे बुंध्यातून कापणं शक्य नव्हतं. शेंड्याकडून एकेक फांदी दोराने बांधून उतरवावी लागली. कौलांवर आम्ही पेंढ्याच्या जाड थरावर गोणपाटं अंथरली होती. वर चढलेला मुलगा पंचविशीचा असेल. फांदी तोडायच्या आधी तो दोर दोनदा ओढून बघायचा, खाली ऐनाच्या खोडाला वेढा दिलेल्या दोराशी दोघं उभे असायचे, आणि "सोड" म्हटल्याशिवाय कुणी हात हलवायचा नाही. कटरचा आवाज थांबला की फांदी क्षणभर तशीच लटकायची आणि मग सावकाश, पानं खरवडत, परसवात उतरायची. दुपारपर्यंत उभं खोड राहिलं. ते मागे ओढून रानाच्या बाजूला पाडलं. दोन कौलं फुटली, बाकी काही नाही. टोळीने दिवसाचे ₹१४,००० घेतले. बुंध्यातून एकदम पाडायचे ₹६,००० सांगणारेही होते, पण घराशेजारच्या झाडाला स्वस्त माणूस बोलावू नये. चढणाऱ्याला पट्टा आहे का, हे आधी बघून घ्यावं.

ओंडके पडल्यावर वनरक्षक मॅडमनी येऊन मोजमाप घेतलं आणि टोकांवर हातोड्याचे ठसे मारले. लाकूड किती भरेल हे मला सुतारकाकांनी मोजायला शिकवलं. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं, मग लांबीने. वरचा ओंडका १२ फूट लांब, घेर ६० इंच. चौथा भाग १५. पंधरा पंधरे २२५, गुणिले १२, भागिले १४४, म्हणजे पावणेएकोणीस घनफूट. खालचा ७२ इंच घेराचा, तो २७ घनफूट भरला, पण बुंध्याकडे चिरेमुळे दीड फूट वाया जाणार हे तेव्हाच दिसत होतं. हे गणित येत असेल तर गिरणीत उभं राहताना आपल्याला अंदाज असतो.

शिमगा होईपर्यंत दोन्ही ओंडके पऱ्याच्या डोहात दगडांखाली दाबून ठेवले. पाण्यात लाकडाचा चीक उतरतो आणि कीड कमी लागते, अशी आमच्याकडची जुनी रीत. पालखी येऊन गेली, मुंबईकर परत गेले, मग वाहतूक पासासाठी अर्ज केला. पासावर नग, माप, कुठून कुठे, गाडीचा नंबर आणि मुदत एवढं असतं. टेम्पोवाला पक्का झाल्याशिवाय नंबर देऊ नका. ऐन वेळी त्याने दुसरी गाडी आणली तर पास पुन्हा करावा लागतो. टेम्पोचे ₹३,००० झाले.

एप्रिलमध्ये आरागिरणीत रांग होती, कारण तोच आंब्याच्या पेट्यांचा हंगाम. आमचा नंबर लागायला पंधरवडा गेला. घनफुटाला ₹६० चिराई. करवतीखालून पहिली फळी सुटली तेव्हा आतला रंग दिसला, राखाडी-तपकिरी, मध्ये काळसर रेघ. तीन बाय चार इंचाचा, १२ फुटी वासा बरोबर एक घनफुटाचा होतो. टाकाऊ भाग जाऊन आम्हाला अठ्ठावीस वासे मिळाले. गिरणीतून आणल्यावर ते उन्हात टाकायचे नाहीत. पडवीत सावलीला, दोन थरांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असे रचले, वर वजन ठेवलं. घाईने उन्हात वाळवलेला वासा पिळवटतो.

घरावर पत्रे घाला, असा आग्रह अनेकांनी केला. त्याला कारणही आहे. आमच्याकडे वानरं कौलं फोडतात, दर पावसाळ्याआधी शाकारणी करायला माणसं मिळत नाहीत, म्हणून वाडीतल्या निम्म्या घरांवर पत्रे आले आहेत. पण मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या घरात बसवत नाही आणि पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. शिवाय आमच्याकडे वानरं छपरावर उतरायची ती याच झाडावरून. ते गेल्यावर उडी मारायला जवळचं झाड उरलं नाही. कौलंच ठेवायची असं आईने ठरवलं आणि मला ते पटलं.

३० एप्रिलला, अक्षय तृतीयेला, दक्षिणेची बाजू उघडायला घेतली. प्रत्येक कौल उतरवलं की बोटाच्या पेराने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. शेवाळ नारळाच्या सोडणाने घासून काढलं. हे काम मी आणि आईनेच केलं. काही कौलांच्या पोटाला कारखान्याची ठसठशीत अक्षरं आहेत. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावरच्या घरांवर हे कौल चढलं. आमची कौलं आजोबांच्या वेळची आहेत आणि टिचकीला अजून घंटेसारखी वाजतात. सातशे नवी घ्यावी लागली, नगाला ₹३६. नवी कौलं घेताना जुनं एक कौल बरोबर घेऊन जा. कारखान्यागणिक खाचेत थोडा फरक असतो. एकाची खाच दुसऱ्यात बसत नाही आणि मग तिथूनच गळतं. आम्ही नवी सगळी पडवीवर लावली, जुनी सगळी वर. सरमिसळ केली नाही.

वाश्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावलं. वाळवीला ते चांगलं, पण कातडीला फार वाईट, अंगावर उडालं तर फोड येतात. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि खोबरेल आधी चोपडून मगच ब्रश धरा. रीपांमधलं, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतर सुतारकाकांनी टेपने मोजलं नाही. त्यांनी दोन कौलं एकमेकांत अडकवली, त्यावरून एक काठी कापली, साडेबारा इंचांच्या जवळपास, आणि आढ्यापासून पागोळीपर्यंत प्रत्येक रीप त्या काठीने बसवली. काठी त्यांनी कानावर पेन्सिल ठेवावी तशी कमरेला खोचलेली असायची. त्यांच्या मजुरीचे रोज ₹१,२००, मदतीला दोन गडी प्रत्येकी ₹८००.

मेअखेर काम संपवायचं, मिरग (मृग नक्षत्र) ७ जूनला, असा सगळ्यांचा हिशोब होता. २० मेपासूनच पाऊस लागला. नुसती वळवाची सर येऊन गेली असती तर निभावलं असतं, पण तो थांबेचना. २५ मेला तर मोसमी पाऊस कोकणात आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, इतक्या लवकर गेल्या पस्तीस वर्षांत आला नव्हता. त्या वेळी आमची वरची बाजू झाली होती, पडवी उघडी होती. लाकडं, धान्य, आईच्या अगोटीच्या (पावसाळ्यासाठी भरलेल्या) बरण्या, सगळं ओटीवर आणलं. पडवीवर दोन ताडपत्र्या ताणल्या, त्यांना मधे बांबूचा उंचवटा दिला म्हणजे पाण्याचा फुगा धरत नाही. चार रात्री पाण्याचा ओघ वळवत काढल्या. माजघरात मात्र एक थेंब आला नाही. नव्या वाश्यांखाली उभी राहून मी वर बघत होते आणि कौलांवरचा आवाज ऐकत होते. वर्षभरात पहिल्यांदा त्या आवाजाची भीती वाटली नाही.

मेच्या शेवटी उघडीप मिळाली, जूनच्या पहिल्या आठवड्यात पडवी पुरी झाली. विकतच्या रीपा, कौलं, वाहतूक, ताडपत्र्या आणि मजुरी धरून एकूण खर्च सव्वा लाखाच्या थोडा वर गेला. लाकूड विकत घेतलं असतं तर बराच वाढला असता. कौलारू कामाला हात घालणाऱ्यांनी यापुढे १० मे ही शेवटची तारीख धरावी, आणि ताडपत्री कामाच्या पहिल्या दिवशीच घरात आणून ठेवावी.

जूनच्या मध्याला पाऊस पुन्हा लागल्यावर बदली झाडं लावली. अट एका झाडाची होती, आम्ही किंजळाची तीन रोपं रानातूनच मुळासकट उचलून आणली आणि घरापासून चाळीस पावलं लांब, गडग्याच्या उतारावर लावली. किंजळ मोठा होणार, त्याला जागा आत्ताच द्यायला हवी. गुरांपासून वाचवायला करवंदीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण केलं. ऑगस्टमध्ये वनरक्षक मॅडम येऊन रोपांचे फोटो घेऊन गेल्या आणि लागवडीच्या नोंदीची प्रत मला दिली. तीन रोपांपैकी दोन धरली आहेत. परवानगी, पास, गिरणीची पावती आणि ही नोंद एकाच फाइलमध्ये ठेवली आहे. घरात किंजळाचं नवं लाकूड दिसलं आणि कुणी विचारलं, तर दाखवायला ते असायला हवं.

ती फाइल सध्या खालच्या वाडीतल्या काकूंकडे आहे. त्यांच्या गोठ्यावर ऐन कलला आहे. परवा त्यांचा सातबारा काढून पाहिला, तर त्यावर अजून त्यांच्या सासऱ्यांचंच नाव. खुंटी ठोकून ओळंबा बांधून झालाय. सोमवारी आम्ही दोघी तलाठी कार्यालयात जाणार आहोत.